गोळ्या आपल्या, नोंद कुणाची?

एक छोटी परीक्षा घेऊ या. तुमच्या आई-बाबांना रोज कोणत्या गोळ्या असतात, सांगा बघू. नावासकट. बहुतेकांचं उत्तर साधारण असं येईल : ‘बाबांना एक बीपीची, एक शुगरची आणि ती रात्रीची छोटी पांढरी. आईला थायरॉइडची.’ छोटी पांढरी म्हणजे कसली? ‘ते मेडिकलवाल्याला माहितीये. रिकामी स्ट्रिप दाखवली की देतो तो.’

घरोघरी असंच चालतं. पण मेडिकलवाल्याला खरंच काय माहिती असतं? त्याला स्ट्रिपवरचं नाव माहिती असतं. ती गोळी कुणाला, कशासाठी आणि आणखी कुठल्या गोळ्यांसोबत चालू आहे, हे त्याच्या कम्प्युटरमध्ये सहसा नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, ते त्याला कळायला हवं. मात्र ते किती कळावं, कधी कळावं आणि कुणाच्या परवानगीनं कळावं, हे ठरवण्यात आपलाही हात हवा. कारण औषधांच्या नोंदी डिजिटल करण्याचं काम देशात सुरू झालंय आणि पुढची पन्नास वर्षं त्या नोंदींसोबत आपल्यालाच राहायचंय.

डॉक्टर चार, मेडिकल एक

आमच्या मांजर्लीचंच बघा. बदलापूर पश्चिमेचा हा भाग. इथला पेशंट एका डॉक्टरकडे जातच नाही. ताप-खोकल्याला जवळचा दवाखाना. जरा मोठं काही निघालं की उल्हासनगरचं सेंट्रल हॉस्पिटल किंवा कल्याण. त्याहून मोठं असेल तर लोकल पकडून सायन, नाहीतर परळचं केईएम. प्रत्येक ठिकाणी वेगळा केसपेपर, वेगळं अक्षर, वेगळी फाइल. या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं होण्याची शक्यता जवळपास शून्य. पण सगळ्यांनी लिहिलेल्या गोळ्या येतात कुठून? बऱ्याचदा घराजवळच्या एकाच मेडिकलमधून. म्हणजे पेशंटची सगळी औषधं जिथे एकत्र येतात अशी जागा हे काउंटर आहे.

आता समजा, एका काकांच्या हृदयाची झडप मुंबईत बदललीय. त्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू आहे. गुडघा दुखतो म्हणून ते जवळच्या डॉक्टरांकडे गेले आणि डायक्लोफेनॅक घेऊन आले. पुढच्या आठवड्यात पोट बिघडलं, मेट्रोनिडॅझोल मिळालं. एकेकटी बघितली तर तिन्ही औषधं रोजच्या वापरातली. पण वॉरफेरिनसोबत डायक्लोफेनॅक घेतलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेट्रोनिडॅझोलमुळे तर वॉरफेरिनचा परिणामच वाढतो. तिन्ही पाकिटं एकाच काउंटरवरून, एकाच महिन्यात गेलीत. सांगणारं कुणी नाही.

दरवेळी इतकं गंभीर नसतं, पण नुकसान होतंच. आईची थायरॉइडची गोळी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी यांत साधारण चार तासांचं अंतर लागतं. नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दोन गोळ्या दोन डॉक्टरांनी लिहिल्या असतील, तर हे सांगायचं कुणी? रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसतं, डोस वाढवला जातो आणि मूळ गोंधळ तसाच राहतो. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन घेताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, हे तुमच्यापैकी किती जणींना कुणी सांगितलंय?

कम्प्युटरला काय कळतं?

मेडिकलमध्ये कम्प्युटर नाही, असं म्हणायची सोय आता नाही. बिलिंग सॉफ्टवेअर सगळीकडे पोचलंय. कोणता माल संपत आलाय, कोणत्या बॅचची एक्स्पायरी जवळ आलीय, सगळं स्क्रीनवर दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा सॉफ्टवेअरमध्येही दर बदलले. ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आला. पाकीट कुणी बनवलं, कोणत्या बॅचचं, हे तो कोड सांगतो. औषधविक्रीचे आकडे गोळा करून कंपन्यांना विकणं हा तर वेगळा धंदाच आहे. कोणत्या भागात कोणता ब्रँड किती खपतो, हे कंपन्यांना कळतं. त्यात पेशंटचं नाव नसतं, हे खरं.

म्हणजे गोळीचा प्रवास कारखान्यापासून काउंटरपर्यंत नोंदवला जातो. सरकारला कर कळतो, कंपनीला खप कळतो, दुकानदाराला साठा कळतो. पुढचं पाऊल, म्हणजे ती गोळी ज्याच्या पोटात जाणार तो माणूस, तिथे नोंद थांबते. बिलावर नाव लिहिलेलं असलं तरी तो माणूस सॉफ्टवेअरसाठी एक मोबाइल नंबर असतो. आणि तो नंबर बऱ्याचदा घरातल्या कर्त्या माणसाचा. म्हणजे आजीचं इन्सुलिन, बाबांची बीपीची गोळी आणि तुमची पिंपल्सची गोळी, सगळं एकाच ‘कस्टमर’च्या खात्यावर. अशा यादीतून कुठलं सॉफ्टवेअर कुणाला काय इशारा देणार?

कायदा काय म्हणतो? तो आपल्या समजुतीपेक्षा बराच पुढे आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ सालीच आली. त्यांनुसार चिठ्ठी तपासणं, पेशंटला डोस, दुष्परिणाम, डोस चुकला तर काय करायचं, औषध कसं ठेवायचं हे समजावून सांगणं ही फार्मासिस्टची जबाबदारी आहे. पेशंटच्या नोंदी पाच वर्षं ठेवायलाही सांगितलंय. त्याआधी २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लागू शकणारी औषधं यांच्यासाठी, वेगळं रजिस्टर ठेवणं सक्तीचं आहे. त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं.

पण ही रजिस्टरं इन्स्पेक्टरला दाखवायला असतात. पेशंटच्या उपयोगाला ती येत नाहीत. आणि कागदाचं काय होतं, हे बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ असो की महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली तो जुलै २०१९ असो, उल्हास नदी फुगली की सखल भागातल्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरतं. त्या पाण्यात आधी जातात ते कागद. वर्षानुवर्षांचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं. दुसऱ्या दिवशी गोळ्या संपलेल्या असतात आणि चिठ्ठीचा लगदा झालेला असतो.

हे जमू शकतं

‘आपल्याकडे हे शक्य नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण आपल्याच मुंबईतलं. टीबीचा पेशंट सापडला की सरकारला कळवणं २०१२ पासून डॉक्टर आणि हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. त्यासाठी निक्षय नावाची ऑनलाइन सिस्टीम आली. मार्च २०१८ मध्ये ही जबाबदारी स्पष्टपणे केमिस्टवरही आली आणि न कळवणाऱ्यावर दंड विधानाखाली कारवाईची तरतूद झाली.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा मुंबईतला प्रयोग. २०१४ मध्ये पाथ या संस्थेमार्फत खासगी डॉक्टर, लॅब आणि केमिस्ट यांना एका साखळीत जोडलं गेलं. खासगी डॉक्टरकडे टीबीचं निदान झालं की पेशंटला ई-व्हाउचर मिळायचं. ते घेऊन तो योजनेतल्या केमिस्टकडे जायचा आणि त्याला औषधं फुकट मिळायची. केमिस्टला त्या व्हाउचरचे पैसे मिळायचे. आणि पेशंट औषध घेऊन गेला की नाही, ही नोंद आपोआप व्हायची.

फरक लक्षात आला? २०१८ च्या नियमात केमिस्टनं माहिती द्यायची, नाहीतर शिक्षा. व्हाउचरमध्ये माहिती दिली की पेशंटला औषध, केमिस्टला पैसे आणि यंत्रणेला नोंद. माहिती देणाऱ्याच्या हातात काहीतरी परत आलं. आरोग्याची कुठलीही डेटा सिस्टीम टिकेल की नाही, ते मला वाटतं इथेच ठरतं. माझी माहिती घेताय? मग मला त्याच काउंटरवर, त्याच दिवशी काय मिळणार ते सांगा.

आता केंद्र सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ते देशभर सुरू झालं. त्यातला १४ आकडी आभा नंबर तुमच्यापैकी अनेकांकडे असेलही. कागदावरची रचना चांगली आहे. तुमचे रेकॉर्ड जिथे तयार झाले तिथेच राहतात. दुसऱ्या कुणाला बघायचे असतील तर तुमच्या मोबाइलवर विनंती येते. कोणते रेकॉर्ड, कोणत्या तारखेपासूनचे, किती काळासाठी, हे तुम्ही ठरवायचं. परवानगी मागेही घेता येते. डॉक्टरची चिठ्ठी हा या सिस्टीममधल्या रेकॉर्डचा एक ठरलेला प्रकार आहे.

पण आभाची ओळख आपल्याला होते ती सरकारी हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत. क्यूआर स्कॅन करा, टोकन घ्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तुम्हाला कधी कुणी आभा नंबर विचारलाय?

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजना सुरू आहे. घसादुखी, सायनस, महिलांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात आजारांवर फार्मासिस्ट स्वतः तपासून, गरज असेल तर औषध देतो. हे जमतं, कारण पेशंटच्या परवानगीनं त्याला फॅमिली डॉक्टरकडचं रेकॉर्ड बघता येतं आणि त्यानं काय दिलं ते डॉक्टरकडे परत कळवता येतं. आपण त्याची नक्कल करू शकत नाही. तिथे प्रत्येकाचा एक नोंदलेला डॉक्टर असतो, आपल्याकडे तो नाहीच. म्हणून तर आपल्याला चार ठिकाणच्या चिठ्ठ्या एकत्र दिसण्याची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

पण बाबांच्या मोबाइलवर मेसेज गेला तर?

आता खरा प्रश्न. मांजर्लीसारख्या ठिकाणी मेडिकलवाले काका आपल्याला लहानपणापासून ओळखतात. ‘अगं, तू त्या अमक्यांची मुलगी ना?’ हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून इमर्जन्सी पिल घ्यायला दोन स्टेशनं लांब जाणाऱ्या मुली आहेत. डिप्रेशनच्या गोळ्या घरच्यांपासून लपवून घेणारी मुलं आहेत. त्यांना ‘तुमची सगळी औषधं एका जागी दिसतील’ असं सांगितलं, तर त्यांना ती सोय वाटणार नाही. धमकी वाटेल.

ही भीती उगाच नाही. आभा काढताना आधारचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर आणि अनेकांच्या बाबतीत तो अजून बाबांचाच असतो. मोठ्या सिस्टीमही फुटतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम कागदावर चाललं. जून २०२३ मध्ये कोविन पोर्टलवर नोंदवलेली लोकांची माहिती टेलिग्रामच्या एका बॉटवर मिळत असल्याचं उघड झालं. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातल्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. तोवर बिलिंग सॉफ्टवेअरमधली तुमची यादी कुणाच्या भरवशावर आहे?

म्हणून माहिती जोडाच, पण काही अटींवर, असं माझं मत आहे.

पहिली अट : खातं माणसाचं हवं, मोबाइल नंबरचं नको. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाची औषधांची नोंद वेगळी असावी आणि तिचे मेसेज त्याच्याच नंबरवर जावेत.

दुसरी : काउंटरवर संपूर्ण इतिहास दिसायची गरज नाही. सध्या चालू असलेली औषधं, अ‍ॅलर्जी आणि धोक्याचा इशारा एवढं पुरे. ‘या पेशंटला हे औषध देण्याआधी डॉक्टरांशी बोला’ असा इशारा आला, तरी जीव वाचू शकतो. दोन वर्षांपूर्वी कुणी कुठली गोळी घेतली, हे त्यासाठी कळायला नको.

तिसरी : स्क्रीन उघडावी ती स्टेट फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी असलेल्या, दुकानात प्रत्यक्ष हजर असलेल्या फार्मासिस्टच्या लॉगिननंच. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच मुलगा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. २०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना फार्मासिस्टची हजेरी आणि बिलं यांचा आग्रह धरला गेला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी केवढा विरोध केला होता! ज्या दुकानात फार्मासिस्ट नाही, तिथे आपली माहिती कशासाठी उघडायची?

चौथी : डिस्काउंटच्या बदल्यात संमती मागायची नाही. ‘नंबर द्या, दहा टक्के सूट’ हा सौदा शॅम्पूला ठीक आहे, औषधाला नाही.

‘छोट्या दुकानदारानं हे सगळं करायचं कधी? संध्याकाळी गर्दीच्या वेळी चार-चार गिऱ्हाइकं उभी असतात,’ असं कुणी म्हणेल. मुद्दा बरोबर आहे. म्हणून खर्च आणि वेळ दुकानदाराच्या माथी मारू नये. सॉफ्टवेअरमधला इशारा आपोआप यायला हवा आणि फार्मासिस्टनं पेशंटला पाच मिनिटं दिली तर त्याचे त्याला पैसे मिळायला हवेत, जसे व्हाउचरचे मिळत होते. पण दुकानदारांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात २०१८ मध्ये त्यांनी देशभर बंद पाळला. अ‍ॅपकडे मात्र तुमची आधीची प्रत्येक ऑर्डर आहे. आठवण करून द्यायला ते थकत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे काय आहे? ओळख आहे आणि समोर उभा राहून बोलणारा माणूस आहे. त्याला विश्वासाची नोंद जोडली, तर त्याच्याशी कुठलंच अ‍ॅप स्पर्धा करू शकणार नाही. नाही जोडली, तर स्पर्धा फक्त डिस्काउंटची उरते.

मग आपण काय करायचं?

सिस्टीम तयार व्हायची वाट बघत बसायची गरज नाही. या रविवारी घरातला औषधांचा डबा काढा. प्रत्येकासाठी वेगळी यादी करा. ब्रँडसोबत स्ट्रिपवर छापलेलं मूळ औषधाचं नाव, डोस, वेळ, कुणी लिहून दिलं आणि कशासाठी. अ‍ॅलर्जी असेल तर सगळ्यात वर. यादीचा फोटो ज्याचा त्याच्या फोनमध्ये. पुढच्या वेळी डॉक्टरकडे आणि मेडिकलमध्ये तो आधी दाखवायचा आणि विचारायचं, ‘या सगळ्यासोबत हे नवीन चालेल ना?’ उत्तर देणारा फार्मासिस्ट आहे का, हेही त्यातून कळेल. यादी वाचून स्वतःच्या मनानं मात्र एकही गोळी बंद करू नका.

आधारला स्वतःचा नंबर जोडा. आभा काढायचा की नाही, हे तुमच्यावर आहे, तो ऐच्छिक आहे. काढलात तर प्रत्येक परवानगीला मुदत घाला.

डी.फार्म किंवा बी.फार्म करणाऱ्यांनो, डी.फार्मच्या नव्या अभ्यासक्रमात ‘कम्युनिटी फार्मसी’ हा विषय आहे आणि ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंगही आहे. त्या तासांत फक्त रॅकवर माल लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची नोंद कशी होते, ते विचारा. कम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांनो, फायनल इअरला आणखी एक अटेंडन्स अ‍ॅप बनवण्यापेक्षा डिजिटल मिशनचं सँडबॉक्स बघा. ते डेव्हलपर्ससाठी खुलं आहे. मराठीत इशारा देणारं, एका कुटुंबातली माणसं वेगळी ओळखणारं काहीतरी बनवा.

आणि बाकीच्यांनो, बिल करताना ‘मोबाइल नंबर सांगा’ असं म्हटलं की लगेच दहा आकडे म्हणून मोकळे होऊ नका. आधी विचारा, ‘कशासाठी?’ उत्तर ‘तुमच्या औषधांवर लक्ष ठेवायला’ असं असेल, तर स्वतःचा नंबर द्या. ‘सिस्टीममध्ये लागतो’ एवढंच असेल, तर त्या सिस्टीमचा तुम्हाला अजून काही उपयोग नाही, हे समजून घ्या आणि तसं काउंटरवरच सांगा.